धुराचं गाणं

१२ ऑगस्ट, सोमवार

गाण्याची फीत सापडली! पर्थच्या मानववंश संग्रहालयातल्या इन्ग्रिडचा फोन आला तेव्हा मी अंगण झाडत होते. झाडू तिथंच टाकला. पेटीवर ताईचं नाव आहे म्हणे – मर्टल – आणि खाली लिहिलंय, फक्त बायकांसाठी. म्हणजे गाणं टिपून घेणाऱ्या त्या गोऱ्या बाईंनी तेव्हा आमचं ऐकलं होतं तर.

तशीच दवाखान्यात गेले, ताईच्या कानाशी सांगितलं. झटका आल्यापासून तिचं बोलणं गेलंय. डोळे मात्र केवढे मोठे झाले. माझा अंगठा धरला तो सोडेचना.

नव्या बाळाला हिरव्या पानांच्या धुरावर धरायचं, तेव्हा म्हणायचं गाणं. अख्खं येणारी आता ताईच तेवढी उरली. आणि तिच्या नातीचे, आईवेगळ्या टॅमिकाचे, दिवस भरत आलेत.

१३ ऑगस्ट

राखेतली भाकरी जाळली. लक्ष कुठं आहे माझं!

गाणं टिपलं तो दिवस आठवतो. मी सात वर्षांची. ताई यंत्रापुढे बसून गात होती, मी मध्येमध्ये लुडबुडत होते. बाईंनी जॅमचा डबा न् चमचा हातात देऊन मला गप्प केलं. पुढच्याच वर्षी आम्हा आदिवासींची पोरं उचलणारी सरकारी गाडी आली आणि मला पाद्र्यांच्या मिशनमध्ये नेलं. तिथं आमची बोली तोंडातून निघाली की तोंडात साबण. परत आले तेव्हा जीभ वळेचना. ताईनं कितीदा तरी गाणं शिकवायला घेतलं – मी पहिल्या ओळीलाच अडखळायचे. अजून तेवढीच येते.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

नवीन विघ्न. फीत आंबलीय, व्हिनेगरसारखा वास मारते. एकदाच वाजेल, तेव्हाच नक्कल उतरवून घ्यायची. आणि यंत्र चालवणारा कॉलिन – पुरुष! तो स्वतःच फोनवर आला. म्हणे मावशी, कानात बोळे घालतो, वर लोकरी टोपी चढवतो. म्हटलं, लेकरा, तुला नाही ऐकू आलं तरी गाण्याला कळेल ना. हसला बिचारा. इन्ग्रिडला यंत्र शिकवतो म्हणाला. आता ती कधी शिकणार!

१९ ऑगस्ट, सोमवार

संग्रहालयातल्या प्रदर्शनवाल्यांनी इन्ग्रिडला विचारायला लावलं – गाणं दाराशी लावू का, लोकांना आवडेल. नाही म्हटलं. आईस्क्रीम चाटत फिरणाऱ्यांसाठी नाही ते. पानं ठेवा, धुराचा वास घेऊ द्या, बाळाला कसं धरतो ते सांगा. गाणं नको. पटलं त्यांना.

कुणी एक संशोधक बाई गाण्याचे शब्द मागताहेत. त्यांना इन्ग्रिडनं सांगून टाकलंय, "आधी बाळ, मग पुस्तक." या पोरीला एकदा कांगारूची शेपूट भाजून घातली पाहिजे.

ताईनं आज तोंडात घास घेतला नाही.

२१ ऑगस्ट

टॅमिकानं विचारलं, एवढी का गं उलघाल? सांगितलं तिला. माणूस गेलं की त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो पालथा, आवाज बंद. घरच्यांचं दुःख निवेपर्यंत. वर्षं जातात त्यात. ती पोटावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आजीची न् याची शर्यत लागलीय म्हण की."

२३ ऑगस्ट, शुक्रवार

उतरली नक्कल! इन्ग्रिडनं दार लावून एकटीनं काम केलं. शेवटी नुसती खरखर आहे, तेवढी तपासते आणि सोमवारी पाठवते म्हणाली.

घरात फेऱ्या मारतेय. चहा केला, प्यायला विसरले. दुसरा केला.

२५ ऑगस्ट, रविवार

दुपारी ताई गेली.

२६ ऑगस्ट

सकाळीच इन्ग्रिडला सांगितलं – पाठवू नकोस, पेटी बंद कर. ती म्हणाली, "करते, मावशी."

भिंतीवरचे फोटो पालथे केले. या वहीत मागं तिचं नाव लिहिलंय, त्यावर कागद डकवला. टॅमिका दारात येऊन उभी.

"नियम मोठा का माझं बाळ मोठं, आजी?"

"नियम तिनंच शिकवला गं मला."

"आणि गाणं?"

साबणाची गोष्ट तिला माहीत आहे. थोड्या वेळानं स्वतःच येऊन मला बिलगली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मुलगी झाली. चांगली दणकट आहे, रडते तर शेजारी ऐकू जातं. पानांच्या डहाळ्या तोडून आणल्या, बादलीत उभ्या केल्या. पहिली ओळ म्हणून बघते. पुन्हा म्हणते. पुढं काहीच नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

इन्ग्रिडचा फोन. पेटी सांगितली तशी बंद केलीय. पण त्याआधी तिनं ती शेवटची खरखर ऐकली होती, आमच्या दुःखात बोलायला धजली नाही. गाणं संपल्यावर माझ्या बहिणीची पावलं लांब जातात म्हणे, यंत्र चालूच राहतं, आणि एक लहान पोर एकटीच अख्खं गाणं म्हणते. मध्येमध्ये डब्यावर चमचा वाजतो. "ही कोण, मावशी? तिलाही विचारावं लागेल ना?"

आत्ताच विचारलंस की, म्हटलं. ती जिवंत आहे, हो म्हणतेय.