अक्मोरची चार पावलं

अत-बाशी, ११ ऑक्टोबर

चि. दारीका हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. बटाटे निघाले, गाय आटली, माझी कंबर अद्याप जागेवर आहे. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर लेकीचं तोंड दिसलं की तू रडू लागतेस आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहतं. म्हणून हा कागद उमसुन आजीच्या जावयासोबत मॉस्कोला धाडते आहे.

तू पाठवलेल्या बाळझोळीचं पत्रक मला मुखोद्गत झालं आहे. मान धरेपर्यंत पोटाशी, मग पाठीशी. हनुवटी छातीला टेकू नये, नाक मोकळं, गुडघे बुडापेक्षा वर, पट्टे घट्ट. सारं यथासांग चालू आहे. चौदा महिन्यांची, अकरा किलोंची अक्मोर दिवसभर पाठीवर बसून गावाची पाहणी करते. वाहनाच्या प्रकृतीविषयी पत्रकात चकार शब्द नाही.

काल उमसुन आजी कुंपणावरून म्हणाली, "सायकाल, हिला सासरीही पाठीवरूनच पोचवणार का गं?"

"रस्ता खराब आहे, आजी."

"रस्त्याचं मला नको सांगूस. मंगळवारी मी बघितलंय."

तेच लिहायला बसले आहे. मंगळवारी गवताच्या गंजीपाशी तिला घटकाभर खाली ठेवलं. ती उठली आणि माझ्याकडे चार पावलं चालत आली. मी तिला झटकन उचललं, पाठीवर घातलं, पट्टे ओढले आणि कुणी पाहिलं का ते बघितलं.

आपल्या रीतीप्रमाणे चालू लागलेल्या लेकराच्या पायांत बांधलेला दोरा कापताना आई हवी, हे तुझंच म्हणणं. ऑगस्टमध्ये येणार होतीस, मग सप्टेंबरात. तुझ्यासाठी पहिलं पाऊल राखायचं म्हणून दोन महिने मी तिला जमिनीला पाय लावू दिला नाही. लोकांना सांगितलं, पडेल. आता ती उतरायला माझ्या बरगड्यांवर लाथा मारते, आणि तिचं बरोबर आहे.

दारीका, मी दमले गं.

काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा वळून ठेवला आहे. पंचवीस तारखेला, रविवारी, तो तिच्या पायांत बांधेन आणि अंगणात मुलं शर्यतीत पळतील. पहिलं येईल ते दोरा कापेल. तू नसलीस तरी मी तिला सोडणार. ती सरळ समोरच्या माणसाकडे जाईल. तिथे मी उभी असेन, एवढंच मला नको आहे.

अक्मोरची मावशी, आणि मावशीच राहू इच्छिणारी,
सायकाल