धोंड्याच्या महिन्यातला डावा ठोसा

॥ श्री ॥

कुंडल,
अधिक आषाढ वद्य अष्टमी, शके १९१८
(इंग्रजी तारीख पोस्टाच्या शिक्क्यावर बघावी.)

आमचे व्याही, वयानं आणि मानानं वडील, रा. रा. हरिबा पाटील, मुक्काम पाटण, यांना लालासाहेबाचा दोन्ही हात जोडून (मुठी न वळता) नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे जेवढं असायला हवं तेवढं आहे. आपला गुडघा कसा आहे? पाटणची पावसाळी हवा गुडघ्याला मानवत नाही, हे मी लग्नाच्या बैठकीतही बोललो होतो, पण तेव्हा विषय मानपानाचा चालला होता. म्हैस व्याली का? रेडी झाली असेल तर आनंद आहे. रेडा झाला असेल तर म्हशीला बोल लावू नये. विहीणबाई चंद्राबाई रविवारी सांगलीहून सुखरूप पोचल्या असतीलच. त्या एस.टी.त बसल्या तेव्हा मी त्यांच्या खिडकीखाली उभा राहून नमस्कार केला होता, पण त्या नेमक्या पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. गर्दीत असं होतं. आपली सून, म्हणजे आमची सृष्टी, तिच्या बॅगेसह फलाटावरच राहिली, तेही गर्दीमुळंच, असं मी घरी सांगितलं आहे. घरी कुणी मानलेलं नाही.

आपले चिरंजीव धैर्यशील, आमचे जावईबापू, यांचा उजवा गाल सुजलेला आहे. तो कसा सुजला हे विहीणबाईंनी आपल्याला सांगितलं असणारच. त्यांनी सांगितलं ते डोळ्यांनी पाहिलेलं. मी सांगतो ते शास्त्राला धरून. आपण दोन्ही ऐकून घ्यावं, एवढ्यासाठीच हा कागद खर्ची घातला आहे, दुसरं काही नाही.

आपल्याला ठाऊकच आहे की पलटणीत मी बॉक्सिंगचा उस्ताद होतो. उस्तादाचं शिकवणं थोडक्यात असतं. डावा पाय पुढं, हनुवटी खाली, उजवी मूठ गालाला चिकटलेली आणि डावा हात नाकासमोर सरळ. मनाला येईल तसं लढायचं नाही. मनाला काय, काहीही येतं. आमच्या पोराला, जयराजला, मी मिसरूड फुटायच्या आधीपासून खळ्यावर असं उभं केलं आहे. जमिनीवर पांढऱ्या चुन्यानं पावलं काढली, जांभळीला भुशाचं पोतं टांगलं, आणि हनुवटी वर जाऊ नये म्हणून तिच्याखाली लिंबू धरायला लावलं. लिंबू पडलं की त्या दिवशी भाकरीबरोबर कालवण नाही. (याची आई चोरून द्यायची, पण ते मी बघत नसे. शिस्तीत थोडं न बघणंही येतं.) दिवाळीला त्याचं भरतीचं वय संपतं. सातारा आणि सांगली मिळून जी स्पर्धा व्हायची होती, तिच्यात गटात पहिला येणारा पुण्याला जाणार, आणि पुण्याला पलटणीचे साहेब खेळाडू निवडायला येणार. म्हणजे पोराला वर्दी मिळायची तर याच वाटेनं मिळणार होती, नाहीतर आहेच उसाला पाणी पाजणं. हे मी आपल्यापासून लपवलेलं नाही.

जावईबापूंचं तसं नाही. त्यांना कारखान्यात नोकरी आहे, आणि ठोसा त्यांना उपजत आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाताखाता त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, की “मामा, शिकून ठोसा मारायचा म्हंजे पत्ता इचारत सोताच्या घरला जाण्यागत हाय.” मी त्या वेळी मुलीचा बाप होतो, म्हणून आणखी एक जिलेबी वाढली. त्यांचा उजवा हात पाठीमागून निघतो, ट्रॉलीत उसाची मोळी फेकावी तसा वर येतो, आणि तो निघालेला असताना ते स्वतः लोकांकडं बघत असतात. यातलं एकही अंग कुठल्या पलटणीत शिकवत नाहीत. तरी तो लागतो, आणि शिकवणाऱ्या माणसाला याच्याइतका मनस्ताप दुसरा नाही.

दोघंही त्याच स्पर्धेत उतरणार होते, पण गाठ पडू नये याची काळजी आम्ही घेतली होती. जावई साठ किलोच्या आतले, जयराज वरच्या गटातला. पण मध्ये धोंड्याचा महिना आला. जावई म्हणजे या महिन्यात साक्षात नारायण. ते सृष्टीला घेऊन स्पर्धेच्या आठवडाभर आधी आमच्याकडं उतरले आणि आमच्या कुटुंबानं, अंबूबाईनं, त्यांचा ताबा घेतला. सकाळी पुरणाचे धोंडे, दुपारी धोंडे, संध्याकाळी अनारसे आणि वर वाटीनं तूप. हरिबा पाटील, मी आयुष्यभर अंतर, वेळ आणि नेम शिकवला, पण या तिन्हींचा मिलाफ मी घरातच पाहिला. जावई “नको” म्हणायला तोंड उघडायचे, आणि “न” म्हणेपर्यंत धोंडा आत गेलेला असायचा. मी घाबरून त्यांना दोन घोंगड्या पांघरायला लावून सागरेश्वरच्या घाटापर्यंत पळवलं. ते परत आले तर अंबूबाई दारात उभी. नारायणाला घाम फोडला म्हणून मला चार शब्द ऐकवले आणि त्यांना केशराचं आटीव दूध दिलं.

रविवारी सकाळी सांगलीत वजनं झाली. काटा हळदीच्या अडतीतून आणलेला, उभं राहणाऱ्याचे तळवे पिवळे होत होते. जावयांनी कपडे उतरवले, करदोडा सोडला, सासूनं घातलेली अंगठी काढली, शेवटी केसही बारीक करून आले. काटा साठावर थांबेना. एखाद्या धोंड्याएवढाच फरक राहिला होता, आणि तो कोणता धोंडा हेही मी सांगू शकलो असतो. पंच म्हणाले, वरच्या गटात जा. वरच्या गटात एकच नाव होतं. ते आमचं.

माघार कुणी घ्यायची? जावयांनी घ्यावी तर पाटणहून टेंपो भरून माणसं आलेली. जयराजनं घ्यावी तर दिवाळी जवळ. मी विचारात पडलो असतानाच नावं पुकारली.

पावसामुळं रिंग एका मंगल कार्यालयात बांधली होती. कपडे बदलायच्या खोल्यांवर ‘वरपक्ष’ आणि ‘वधूपक्ष’ असं रंगवलेलं, आणि खोल्या वाटणाऱ्यानं (त्याला नात्याची काही माहिती नव्हती) आम्हाला वधूपक्षाची दिली. मंडळीही आपसूक तशीच बसली. विहीणबाई पलीकडं पहिल्या रांगेत, शेजारी डोक्यावर पदर घेऊन सृष्टी. अलीकडं आमचे भाऊबंद, कडक इस्त्रीत, कुणी तरी फेटे बांधायला येईल अशा चेहऱ्यानं. एवढ्यात अंबूबाई ताट घेऊन रिंगच्या दोरापाशी गेली आणि तिनं जावयांना ओवाळलं. पोटच्या पोराला ओवाळलं नाही, कारण महिना त्याचा नव्हे. निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून जयराज ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात आडवे धरून उभा होता. मिरजेचे पंच होते, त्यांनी जावयांच्या कपाळाचं कुंकू पुसायला लावलं. ते पुसताना सृष्टीनं मान खाली घातली हे मी पाहिलं.

पहिली फेरी. जयराजचे पाय चुन्यावर ठेवल्यासारखे, हनुवटी खाली, गार्ड असा की चित्र काढून बराकीत लावावं. डावा हात सरळ सुटत होता आणि दाजींच्या नाकापुढं चार बोटांवर थांबत होता. दर वेळी तिथंच. आधी मला वाटलं अंतर चुकतंय. मग लक्षात आलं, अंतर बरोबर आहे, नातं आडवं येतंय. लहानपणापासून ज्याला मी नेम शिकवला त्याला त्याच्या आईनं पाहुण्यांचा मान शिकवला होता, आणि तिचं शिकवणं जास्त मुरलं होतं. दुसऱ्या फेरीत जावयांची मोळी दोनदा लागली. दुसऱ्यांदा त्यांचा पाय घसरला तर जयराजनं त्यांना कोपराला धरून सावरलं. पंचांनी त्याला ताकीद दिली. त्याच्या बाजूनं कुणी ओरडेना. आमच्या बाजूला जावयाविरुद्ध ओरडण्याची पद्धत नाही.

मध्यंतरात मी त्याच्या कानाशी गेलो. विहीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून हिंदीत म्हणालो, “मुँह पे मार, मुँह पे.” (विहीणबाईंचे सख्खे बंधू फौजेत सुभेदार आहेत हे त्या क्षणी माझ्या ध्यानात नव्हतं.) पोरानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “आबा, ताई बगतीया.” मी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. मन भरून आलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या फेरीत जावयांचा दम संपला. पुरण बोलू लागलं. आता इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. सृष्टी लहानपणी खळ्यावर पोतं धरून उभी राहायची. जयराजचा डावा खराखुरा सुटणार असला की आधी त्याची मागची टाच किंचित उचलते, ही त्याची खोड तिला माहीत. मला ती कधी दिसली नाही. तर त्याची टाच उचलली, आणि आपली सून उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर पडला, आणि कार्यालयभर ऐकू गेलं, “डावा!”

एवढंच. मागं नाव नाही, पुढं नाव नाही.

जयराजचा डावा सरळ सुटला, आणि जावईबापू खाली बसले. पंच मोजू लागले. जावई आठाला उठले, पण त्यांचं तोंड अजून प्रेक्षकांकडंच होतं, म्हणून पंचांनी सामना थांबवला आणि जयराजचा हात वर केला. तो पुण्याला जाणार. आमच्या बाजूनं कुणी टाळी वाजवली नाही, तुमच्या बाजूनं वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. विहीणबाई उठल्या आणि सृष्टीकडं न बघता म्हणाल्या, “भरल्या मांडवात नवऱ्याला मारा म्हणून वरडली. असली सून माज्या चुलीम्होरं नगं. मी बलवीन तवाच यायचं.” आणि स्टँडकडं चालू लागल्या.

माझं म्हणणं एवढंच, की जे झालं ते शास्त्रोक्त झालं. सरळ डाव्यापुढं उपजत काही टिकत नाही, हे सिद्ध झालं. त्यात कुणाचा राग धरण्यासारखं काही नाही. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, गुडघ्याला एरंडेल तेल गरम करून लावावं.

आपला,
लालासाहेब

ता. क. विहीणबाईंचा अनारशांचा डबा खुर्चीखाली राहिला होता, तो सोबत पाठवत आहे. थोडे कमी भरतील. जावई इथंच आहेत.

ता. क. दुसरा. वर ‘सिद्ध झालं’ असं लिहिलं ते खोडायला हवं, पण कागद खराब दिसेल. जयराज काल म्हणाला की ठोसा सोडताना त्यानं डोळे मिटले होते. दाजींच्या तोंडाकडं बघून त्याला मारवलं नसतं. म्हणजे इतक्या वर्षांचं शिक्षण ऐन वेळी आंधळं निघालं.

ता. क. तिसरा, आणि हा विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवावा, कारण खरं तर पत्र याचसाठी लिहिलं आहे. सृष्टी ओरडली ती कुणासाठी, हे मी तिला विचारलं. ती हरभरे निवडत होती. म्हणाली, “आबा, तुमी उस्ताद. तुमीच वळखा.” दोन दिवस विचार केला. भावाला ती पाळण्यापासून ‘जया’ म्हणते. त्याच्यासाठी ओरडली असती तर आधी ‘जया’ आलं असतं. ज्याचं नाव घ्यायला तिचं तोंड अडतं असा त्या कार्यालयात एकच माणूस होता. ‘डावा येतोय, सांभाळा’ असं ती त्याला सांगत होती, विहीणबाई. तेवढ्या घाईत तिच्या तोंडी अर्धंच आलं. पोरगी दोन दिवस नीट जेवलेली नाही. जावई तिला घेऊन यायला तयार आहेत, पण ती म्हणते, आत्यांनी, म्हणजे तुम्ही, बोलवल्याशिवाय मी पाटणच्या गाडीत बसणार नाही. तुमच्या तोंडचा एक ‘ये’ आला की पुरे. माझी दुसरी विनंती नाही, आणि मी विनंती करणाऱ्यातला माणूस नाही, हे आपण जाणता.

ता. क. शेवटचा. जावई सध्या खळ्यावर हनुवटीखाली लिंबू धरून शिकतात. चांगलं धरतात, पण सृष्टी धुण्याची बादली घेऊन पलीकडून गेली की लिंबू पडतं. मी आज रागानं विचारलं की ती ओरडली तर सांभाळायचं सोडून तोंड तिकडं का फिरवलंत. गाल चोळत म्हणाले, “मामा, लगीन होऊन वरीस झालं. चारचौघांत हिनं मला कवा हाक मारली न्हाई. पयल्यांदा मारली, तर बगू नगं व्हय?” बॉक्सिंगमध्ये याला चूक म्हणतात. विहीणबाईंना वाचून दाखवताना ‘चूक’ हा शब्द गाळावा.