दारात उभं राहवणार नाही म्हणून

सूनबाई,

मी चर्चमध्ये उपासनेला पुढे जातेय. तुझे बाबा तुला न्यायला येतील, तेव्हा मला दारात उभं राहवणार नाही. डबा भरून ठेवलाय, वाटेत खाऊन घे.

नाताळात तुम्ही दोघं जोडीनं गात होतात आणि ईस्टरला आपण त्याच्या कबरीवर फुलं ठेवली. आज सुगीची उपकारस्तुती, पिकापाण्यासाठी देवाचे आभार मानायचा दिवस. पाळकांना म्हटलं, "यंदा माझ्या तोंडून आभार निघायचे नाहीत." ते म्हणाले, "एकाच गोष्टीसाठी माना." म्हणून मी तुझं नाव घेणार आहे.

माझ्या लेकापायी जन्मभर अशी राहू नकोस, बाळा. पुन्हा लग्न ठरलं तर मला कळव. मी रडेन, पण पहिल्या बाकावर येऊन बसेन.

आई