म्हाताऱ्या बैलाचा खांदा

मुंबई, १४ जुलै १९६६

सौ. कोकिळेस,

मी खुशाल आहे, दोन्ही वेळ जेवतो. एवढे वाचून मगच पुढचे वाच.

कबऱ्याचा खांदा जुवाखाली सोलला, पंधरा दिवसांच्या आरामानेही भरला नाही, म्हणून तुझा धाकटा दीर कडूबा त्याला कामचोर ठरवून जळगाव जामोदच्या बाजारात विकायला निघाला, असे लिहिलेस. त्याला थांबव.

मी चारा पुरवतो त्या जनावरांच्या कॉलेजात एक डॉक्टर उंदरांवर हेच पाहून राहिले आहेत. पेंढ्या उतरवताना माझे कान तिकडेच. ते सांगत होते, अंगाच्या कणाकणात जुनी प्रथिने रोज मोडतात, नवी बनतात. वाढत्या जनावरात हे काम झपाट्याने चालते, वयात आल्यावर मंदावते, म्हातारपणी आणखी. झिजलेले तसेच पडून राहते.

मी विचारले, “काऊन हो, डॉक्टरसाहेब?”

“ते कळलं असतं तर एवढे उंदीर कशाला पाळले असते?”

“मंग म्हाताऱ्याची जखम भरतच नाही का?”

“भरते. पण तरण्याइतकी लवकर नाही.”

आपण मात्र सगळ्याच बैलांना सरसकट पंधरा दिवस देतो. कडबा कापताना माझा अंगठा कापला, तोही महिना झाला तरी ओला आहे. घाबरू नको, डॉक्टरच पट्टी बांधतात.

पिकातले तण काढायच्या डवरणीला शेजारच्या वाहेदभाईंची बैलजोडी माग. आईचे गुडघे कसे आहेत?

कडूबाने ऐकले नाही तर त्याला म्हणावे, दादा पन्नाशीच्या पुढं गेला, बाजारात पह्यले त्याले ने.

तुझा,
वामन