तीन घरांतला हंडा

वाशिंद, २ एप्रिल १९९९

ती. भरतदादास,
धाकट्या छायाचा सा. न. वि. वि.

सर्वेचं काम धरलंय. घराघरात पाणी किती हंडे, सरपण किती मोळ्या, तांदूळ किती पायल्या, ते मोजून लिहायचं. चालून पाय गेलेत रे. बारा तारखेला सर्वेच्या मॅडमना घेऊन आपल्या वरच्या पाड्यावर येते. ह्याच आकड्यांवर यंदा टँकर कुठं पाठवायचा ते ठरणार. सगळ्यांना घरी थांबायला सांग. वैनीला म्हणावं, माझ्यासाठी काय करत बसू नको. (केलंस तर खाईन.)

लोभ आहेच, विहिरीसारखा आटू देऊ नको.
छाया


वरचा पाडा, १६ एप्रिल

चि. छायास, दादाचा आशीर्वाद.

तू गेलीस नि वैनीनं अंथरूण धरलं, पाठ गेलीय. तुला कळवू नको म्हनली, पन कळवतो. पावनी येनार, ती पन आपल्या छायासोबत, म्हनून बाया दोन दिवस दरीतल्या झऱ्यावर खेपा मारत होत्या. एका हंड्याला दोन तास. तरी भांडी भरली नाय. मग तुमी एका घरातून निघालात की मागच्या दारानं हंडे पुढच्या घरी. तांदळाची गोणी एकच, ती सगळा पाडा फिरली. शेजारचा वाळू म्हनतो, त्याच्या लग्नात पन एवढी वरात नव्हती. मॅडमनी मान डोलवली, बाईजाकाकी केवढी खूश झाली. टँकर कधी येतो ते लिही गो.

खात जा. माया ठेव.
दादा


वाशिंद, २८ एप्रिल

ती. दादास, नमस्कार.

टँकर मिळणार नाय. आपला पाडा 'पुरेसं पाणी' ह्या यादीत गेला.

काकीचा पोचा पडलेला हंडा मी तिसऱ्या घरात ओळखला होता. लहानपणी मीच पाडलेला तो, धपाटापण खाल्लेला. तरी गप्प राहिले. मॅडमपुढं आपली भांडी रिकामी दिसू नयेत, असं मलाच वाटलं. वैनीची पाठ माझ्यामुळं गेली. काल मॅडमना सगळं सांगितलं. खूप चिडल्या, मग म्हणाल्या, परत मोजून आण. नऊ मेला एकटी येते. ह्या वेळी काय भरू नका, दादा.

रागव, पण पत्र टाक.
छाया


वरचा पाडा, ४ मे

चि. छायास, आशीर्वाद.

रागवायला अंगात जोर पायजे. सगळ्यांना बसवून सांगितलं. वाळू म्हनला, रिकामं ठेवायला त्याला तयारी लागत नाय. बायांनी एकेकीनं हो म्हटलं. बाईजाकाकी तेवढी ऐकत नाय. एस्टीतून उतरून पोर कोसभर चढून येनार, तिला कोरडी कशी बसवू, म्हनते. एक तांब्या भरून, फडकं बांधून ठेवनार हाय.

तो पी. वहीत लिहू नको.

तुझा दादा