संग्रहालयातलं जातं हळदीला गेलंय

ती. यशोदाआक्कास धाकट्या नागोजीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? निपाणीच्या वैद्यांचं तेल स्वतःला लावतेस ना, की शेजारणींना वाटून टाकलंस? भावोजींनाही नमस्कार सांग. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. येत्या बुधवारी आपलं गावसंग्रहालय बघायला जिल्ह्याचे साहेब येणार आहेत आणि तिथं बघण्यासारखा जुना असा मी एकटाच उरलोय. साहेबांचं समाधान झालं नाही तर शाळेची ती जुनी खोली आमच्याकडून काढून खताच्या पोत्यांना देणार म्हणे.

दोष माझ्याच जिभेचा. उद्घाटनाला (तू गुडघ्यामुळं आली नव्हतीस, वाचलीस) मी भाषण ठोकलं, की इथल्या वस्तू काचेत कोंडणार नाही, त्या लोकांच्या आहेत आणि लोकांच्याच राहतील. टाळ्या पडल्या. लोकांनी माळे रिकामे करून जाती, हंडे, घोंगडी आणून ओतली. माझं बोलणं त्यांनी मनावर घेतलंय हे लग्नसराईत कळलं. हळद दळायला जातं लागतं आणि गावातली सगळी जाती आमच्याकडे! मालुबाई पहिलं जातं उचलायला लागली तेव्हा मी आडवा आलो. तर म्हणते, "तुमीच म्हणलासा न्हवं, वस्तू लोकांच्या म्हणून? मग आमी कोण? गोव्याची माणसं व्हय?" आपलेच दात, आपलेच ओठ. पाठोपाठ बाकीची जाती गेली, घोंगडी बैठकीला गेली, हंडा मारुतीरावांकडे पाहुण्यांचं पाणी तापवायला गेला (तो चिंचेनं घासून लखलखीत केलाय, काल बघून आलो, रडू आलं). आता रिकाम्या टेबलांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या तेवढ्या आहेत : 'जातं. हल्ली वापरात नाही.' साहेबांनी त्या वाचल्या तर?

बाकी ठीक. लहानांना आशीर्वाद.

तुझा,
नागोजी

ता. क. : तुझ्या परसातलं जातं मंगळवारच्या गाडीनं पाठव. वर गोणपाट घट्ट बांध. गावात कुणी बघितलं तर बुधवारच्या आत त्यावर हळद पडेल.

ता. क. दुसरा : आईचा पाळणा तरी जागेवर आहे ना, असं तू विचारशीलच. आक्का, खोटं कशाला बोलू, सगळ्यांच्या आधी तोच गेला आणि नेणारा मीच. माझ्या रचनाची पोर त्यात झोपते. काल परत न्यायला म्हणून हात लावला, तर डोळे उघडून तिनं आईसारखंच बघितलं माझ्याकडे. मला जमलं नाही गं. तुझ्याकडे जुना दिसणारा एखादा पाळणा असला तर जात्याबरोबर तोही पाठव.