एका कानाची गाठ

मी, बे मल-सुक, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा पुरुषांचे हानबोक, म्हणजे आपले पारंपरिक कोरियन कपडे, शिवणे, राहणार देगू, सोमुन बाजाराच्या मागची गल्ली, माझ्या पश्चात काय व्हावं ते इथे लिहून ठेवते. पोट सोडून माझं सगळं धड आहे आणि डोकं तर फारच धड आहे, घरच्यांना विचारा. कुणी धाकदपटशा करून लिहून घेतलेलं नाही. मला धाक घालणारा अजून भेटायचाय. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नये. सोमवारी डॉक्टर पोट उघडणार आहेत, म्हणून आजच लिहिते.

१. राहतं घर माझे यजमान शिम ग्वांग-शिक, म्हणजे आमच्या आरमचे बाबा, यांना. ते एकटे राहतील तोवर. दुसऱ्या कुठल्या बाईच्या चपला दारात मुक्कामाला राहिल्या, तर त्या दिवसापासून घर आरमचं. कुठली बाई ते पुढे येईलच.

२. बाजारातला गाळा, मशीन आणि कात्र्या मुलगी आरम हिला. ती बँकेत बसते, तिला साधी टीप घालता येत नाही. तिने खुशाल विकावं. फक्त समोरच्या गाळ्यातल्या यांग मी-रानला विकू नये. भाड्यानेही देऊ नये. एका दिवसासाठी छत्री ठेवायलासुद्धा नाही.

३. कॉलरची टोकं बसवायची माझी छोटी इस्त्री धाकट्या जावेकडे आहे. नेताना "उद्या देते" म्हणाली होती. ती आता तिलाच दिली असं समजावं, पण चारचौघांत सांगून द्यावी, म्हणजे तिला आभार मानावे लागतील.

४. आता यांग. ती आजकालचे हानबोक विकते. विजारीला इलॅस्टिक, घोट्याला पट्टी नाही, छातीवर बंद नुसता शोभेला आणि त्याच्याखाली टिचबटण. पोरं जीन्सवर घालतात, घालोत बापडी. पण आमचे हे लग्न झाल्यापासून दर नववर्षाच्या सकाळी, पूर्वजांपुढे वाकायच्या आधी, हनुवटी वर करून माझ्यापुढे उभे राहतात आणि मी बंद बांधते. त्यांना कधी शिकवलं नाही. का शिकवायचं? आणि डॉक्टरांनी माझं सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे यांगच्या दुकानात जाकीट घालून उभे. बटण तिने स्वतः लावून दिलं, मी माझ्या गाळ्यातून पाहिलं. यांच्या छातीवर हात ठेवून म्हणते, "टिच केलं की झालं, भावजी. आता कुणावाचून अडायचं नाही."

भावजी म्हणे. कुठल्या बहिणीचे यजमान लागतात तिच्या?

घरी आल्यावर हा काय प्रकार म्हणून विचारलं. म्हणाले, "आरमच्या आई, हे एका हाताने लागतं."

"कुणाच्या हाताने?" मी म्हटलं.

त्यांनी जाकीट काढून घडी घातली. मग म्हणाले, "पोरीच्या लग्नात तू नसलीस, तर मी कुणापुढे छाती काढून उभा राहू?"

दुसरी बाई असती तर रडली असती. मला त्या बटणाचा राग आला, तो अजून आहे. मी जिवंत असताना माझ्या जागेवर बटण आणून ठेवलं.

ते जाकीट कचरा टाकायला जाताना घालावं. त्या कामाला बरं आहे.

५. ऑक्टोबरात आरमचं लग्न आहे. मी असो नसो, तारीख हलवू नये. मांडवात दोन्हीकडच्या आया मेणबत्ती लावतात. माझी मेणबत्ती माझी थोरली बहीण लावेल आणि आईच्या खुर्चीवरही तीच बसेल. यांग आली तर तिने सूप पिऊन घरी जावं.

६. त्या दिवशी आरमच्या बाबांनी मी शिवलेली राखाडी रेशमी दुरुमागी घालावी आणि त्या अंगरख्याचा बंद स्वतः बांधावा. परवापासून शिकवतेय. गाठीला एकच कान हवा आणि दोन शेपट्या खाली. हे जन्मभर बस चालवलेले गृहस्थ, बुटाची नाडी बांधल्यासारखे दोन कान काढतात. मी सोडते, ते पुन्हा फुलपाखरू करतात आणि "जमलं ना?" विचारतात. काल मी वैतागून उठले, तर ते फुलपाखरू तसंच छातीवर घेऊन जेवायला बसले.

तर लग्नात दोन कान निघाले, तर दोनच राहू द्यावेत. बाजारातले सगळे शिंपी हसतील, हसू द्या. पुरुषांचे बंद शिवून पोट भरणाऱ्या बाईच्या नवऱ्याला बंद बांधता येत नाही, म्हणजे इतकी वर्षं तो कोण बांधत होतं, एवढं त्यांना कळेल. यांगने गाठ नीट करायला हात पुढे केला, तर माझ्या बहिणीने तिचं मनगट धरावं. जरा जोरात.

वरचं सगळं माझ्या हाताने लिहिलंय. असं असलं की साक्षीदार लागत नाहीत, असं आरम म्हणते. मला लागतात. यांग साक्षीला बसते म्हणाली होती. बसवली नाही.

लिहून देणार: बे मल-सुक (सही, शिक्का)

साक्षीदार:
१. बे कुम-सुक, थोरली बहीण (सही)
२. ओ चुन-बे, शेजारचा दोरेवाला (सही)

स्थळ: देगू
दिनांक: १४ मार्च २०२४